पहिली उडी, २४०० फुटांवरून

शीतल महाजन हे नाव मराठी पेपर वाचणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. पुण्याची मुलगी, १८ एप्रिल २००४ ला उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून पॅराशूट घेऊन उडी मारली, तेव्हा वय एकवीस. पुढे १५ डिसेंबर २००६ ला अंटार्क्टिका, २०११ ला पद्मश्री, २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमधल्या पटायाला चक्क नऊवारी नेसून उडी. फोटो सगळ्यांनी बघितलाय. पण या गोष्टीतला जो भाग मला कायम खटकत आलाय तो पेपरवाले कौतुकाने सांगतात आणि पुढे जातात. तो म्हणजे उत्तर ध्रुवावरची ती उडी तिच्या आयुष्यातली पहिली उडी होती. त्याआधी सरावाची एकसुद्धा नाही. उंची २४०० फूट, तापमान उणे ३७.

तर मंडळी, या वीकेंडला गंगापूर रोडवरच्या आमच्या गच्चीत बसून मी थोडी आकडेमोड केली. (घरच्यांच्या मते हा आजार आहे.) माणूस पडायला लागला की पहिल्या दहा सेकंदांत साधारण हजार फूट पडतो, आणि मग वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास स्थिरावला की पुढचा प्रत्येक हजार फूट साडेपाच सेकंदांत जातो. म्हणजे २४०० फुटांवरून उडी मारली आणि छत्री उघडलीच नाही, तर जमिनीपर्यंत हिशेब अठरा सेकंदांचा. आता याच्याशेजारी अमेरिकन पॅराशूट असोसिएशनचा नवशिक्यांसाठीचा नियम ठेवा: मुख्य छत्री ३००० फुटांच्या वरच उघडायची, आणि तिच्यात काही गडबड असेल तर २५०० फुटांपर्यंत निर्णय झालेला पाहिजे, म्हणजे ती सोडून द्यायची आणि राखीव उघडायची. शीतल ज्या उंचीवर हेलिकॉप्टरबाहेर पडली, त्या उंचीवर आज शिकाऊ माणसाची विचार करायची मुदतच संपलेली असते!

हे तिला नावं ठेवायला लिहीत नाहीये. धाडस होतंच, आणि ती शिकत गेली हे पुढच्या उड्यांवरून दिसतंच. पण मराठीत तिची गोष्ट 'बघा, जिद्द असली की सराव लागत नाही' अशी सांगितली जाते, आणि हे वाक्य या खेळात अक्षरशः जीवघेणं आहे. अजून एक दुरुस्ती करून टाकतो. 'उत्तर ध्रुवावर उडी मारणारी पहिली भारतीय महिला' असं तिच्याबद्दल सर्रास छापलं जातं. तो मान रेचल थॉमस यांचा. त्यांनी १९७९ मध्ये आग्र्याला उड्या मारायला सुरुवात केली आणि २००२ च्या एप्रिलमध्ये उत्तर ध्रुवावर ७००० फुटांवरून उडी मारली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तेवीस वर्षांच्या अनुभवानंतर. ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, कारण तिच्यात 'पहिल्यांदाच' नाही.

मराठी माणसाचा छत्रीशी संबंध शीतलच्या बराच आधीचा आहे. ११ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी बांगलादेशातल्या टांगाईलजवळ सातशेच्या वर जवान पॅराशूटने उतरले, पुंगली पूल ताब्यात घेतला आणि ढाक्याकडे मागे हटणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवली. ही बटालियन २ पॅरा, म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. कमांडर होते लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू. १६ डिसेंबरला ढाक्यात आधी शिरलेल्या तुकड्यांत हीच पोरं होती. गंमत म्हणजे जगभरच्या पेपरांत जो फोटो छापून आला तो आग्र्याच्या सरावाचा जुना फोटो होता, आणि आकडाही फुगून एका बटालियनची अख्खी ब्रिगेड झाली. (फेक न्यूज म्हणजे व्हॉट्सॲपचा शोध नव्हे.)

पण मला रस आहे तो त्यांच्या ट्रेनिंगमध्ये. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये छातीवर पंख लावायला पाच उड्या लागतात, त्यातली एक रात्रीची. पाचच! आणि त्या पाचांनंतर माणूस युद्धात उतरू शकतो. हे कसं चालतं? कारण लष्कराने उडीतून निर्णय जवळजवळ काढून टाकलेत. छत्रीची दोरी विमानातल्या तारेला अडकवलेली असते, ती आपोआप उघडते. यालाच स्टॅटिक लाइन म्हणतात. छत्री गोल, तिला फारसं वळवता येत नाही, त्यामुळे चुकीचं वळवण्याचा प्रश्नच नाही. राहता राहिलं जमिनीवर आदळणं. त्याचा मात्र विमानाचं तोंड बघण्याआधी जमिनीवर मरेस्तोवर सराव: पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून, पोटरी, मांडी, कंबर, पाठ असं कुशीवर गडगडत पडायचं. म्हणजे पाच उड्यांचं ट्रेनिंग नाहीच ते, शेकडो वेळा पडण्याचं ट्रेनिंग आहे. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर युजरला बटणंच दिलेली नाहीत.

धोक्याचं गणित मात्र तेव्हा वेगळं असायचं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पॅराट्रूपर राखीव छत्रीशिवायच उडी मारत. युद्धात ते खपतं. रविवारी मजा म्हणून उडी मारणाऱ्याला ते कसं परवडणार?

आणि उतरणं हाच या खेळाचा कठीण भाग आहे हे खरं तर फार जुनं ज्ञान आहे. १८९२ च्या मार्चमध्ये जेनेट व्हॅन टॅसल नावाच्या अमेरिकन बाईंनी ढाक्यात नवाबाच्या आमंत्रणावरून बलूनमधून उडी मारली. छत्री व्यवस्थित उघडली. पण वाऱ्याने वाहवत जाऊन शाहबागच्या बाजूला झाडात अडकल्या, खाली उतरवायला बांबू जोडून लावले, ते मोडले, आणि पडून झालेल्या जखमांनी त्या गेल्या. आकाशातून सुखरूप आलेली बाई झाडावरून पडून गेली.

विसाव्या शतकात सामग्री कशी सुधारत गेली हा भाग मला वैयक्तिकरीत्या सगळ्यात आवडतो, कारण तो निव्वळ इंजिनिअरिंगचा आहे. १९१९ मध्ये लेस्ली आयर्विनने हाताने दोरी ओढून उघडायची छत्री वापरून उडी मारली आणि 'हवेतून पडताना माणूस बेशुद्ध होतो' हा समज मोडला. १९६० च्या दशकात डोमिना जालबर्टने हवा भरून फुगणाऱ्या कप्प्यांची चौकोनी छत्री काढली. ती छत्री राहिली नाही, पंख झाली. मग १९७० च्या दशकात बिल बूथची तीन कड्यांची युक्ती. एकात एक अडकवलेली लहान होत जाणारी तीन कडी. प्रत्येक कडं तरफेसारखं ताण कमी करत नेतं, इतका की मुख्य छत्रीला लटकलेला अख्खा माणूस शेवटी एका दोऱ्याच्या फासावर तोललेला असतो. हँडल ओढलं की फास सुटतो आणि बिघडलेली छत्री दोन्ही खांद्यांवरून एकदम निघून जाते. याआधी तेच काम करायला दोन्ही खांद्यांवर वेगवेगळी खटपट करावी लागायची, तीही गरगर फिरत असताना. इतकं साधं आणि इतकं सुंदर डिझाइन मी दुसरं बघितलेलं नाही.

मग १९९१ मध्ये जर्मनीच्या हेल्मुट क्लोथचं 'सायप्रेस'. हे यंत्र हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजत राहतं. साधारण ७५० फुटांवर तुम्ही अजूनही सेकंदाला ३५ मीटरच्या वर वेगाने पडत असाल, तर ते राखीव छत्री बंद ठेवणारा फास कापून टाकतं. माणूस बेशुद्ध असो, गोंधळलेला असो, काही फरक पडत नाही.

इथे एक नाशिककरांच्या कामाची गोष्ट. हे यंत्र चालू करता तिथली जमीन ते शून्य धरतं. समजा तुम्ही मुंबईला समुद्रसपाटीवर चालू केलंत, गाडीत टाकून कसारा घाट चढलात आणि नाशिकला उडी मारलीत. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण १९०० फूट वर. यंत्राच्या लेखी ७५० फूट ही उंची आपल्या जमिनीच्या हजारेक फूट खाली आहे! ते बिचारं शेवटपर्यंत वाट बघत राहील. म्हणून नियम असा की जिथून उडायचं तिथेच बंद करून पुन्हा चालू करायचं, आणि मनगटावरचा उंचीमापकही तिथेच शून्यावर आणायचा. अशी यंत्रं हुशार असतात, पण त्यांच्या गृहीतकांपुरतीच. ज्याने कधी टाइमझोनचा बग सोडवलाय त्याला हे पटेल.

आता या सगळ्याचा निकाल काय लागला? अमेरिकेत १९७० च्या दशकात या खेळात वर्षाला सरासरी चाळीसच्या वर माणसं जात. २०२३ मध्ये साडेछत्तीस लाखांच्या आसपास उड्यांत १० माणसं गेली, म्हणजे लाखाला ०.२७. हुश्श. पण बूथने स्वतःच एक 'नियम' सांगून ठेवलाय: सामग्री जितकी सुरक्षित होईल तितके लोक जास्त धोका पत्करतील. आणि तसंच झालं. छत्री उघडलीच नाही म्हणून मरणाऱ्यांचा वाटा घटला, आणि व्यवस्थित उघडलेल्या छत्रीखाली, जमिनीजवळ जोरात वळण घेऊन मरणारे वाढले. जेनेटबाईंची गोष्ट, वेगळ्या वेशात. कारण पंख जितका छोटा तितका वेगवान, आणि वेगवान पंख मिरवायला छान वाटतो.

हे सगळं लिहायचं निमित्त आमच्या टीममधला एक मित्र आहे. दुबईला इन्स्ट्रक्टरच्या पोटाला बांधून एक उडी मारून आला, आणि आता रजा साठवून परदेशात पूर्ण कोर्स करणार आहे. दोन इन्स्ट्रक्टर दोन बाजूंनी धरून नवख्याला थेट वरून उडी मारायला शिकवतात तो कोर्स, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सुरू झालेला. २५ उड्या झाल्या की 'ए' लायसन्स. इथवर उत्तम. पण लायसन्स हातात यायच्या आधीच साहेब सेकंडहँड सामग्री बघत होते, १३५ चौरस फुटांची छत्री. "अरे स्वस्तात मिळतेय, आणि पुढे तीच लागणार ना!" म्हणाला. लहान मुलाला वाढत्या मापाचे बूट घ्यावेत तसं, फक्त उलट्या दिशेने.

मी कागद काढला. त्याचं वजन ७५ किलो, सामग्रीसह ८७ धरू, म्हणजे १९२ पौंड. भागिले १३५, उत्तर १.४. या खेळात नवख्यांसाठी एक ढोबळ हिशेब बराच वापरला जातो: शंभरेक उड्यांपर्यंत दर चौरस फुटाला एका पौंडाच्या वर जायचं नाही, आणि पुढे दर शंभर उड्यांना ०.१ वाढवायचं. म्हणजे १३५ ची पाळी पाचशेव्या उडीच्या आसपास. त्याला आत्ता लागते २३० च्या आसपासची, जिच्यावर भार येतो ०.८३. संथ, मोठी, गाढवासारखी गुणी छत्री. शिवाय सेकंडहँड घ्यायचीच तर जाणकार रिगरकडून तपासून घ्यायची. राखीव छत्रीची अमेरिकेत दर १८० दिवसांनी नव्याने घडी घालतात, ती वापरली असो वा नसो. हार्नेसही आपल्या अंगाला बसला पाहिजे. दुसऱ्याच्या मापाच्या हार्नेसमध्ये हँडल ऐन वेळी जिथे हात जातो तिथे नसतं. हेल्मेटवरचा कॅमेरा दोनशे उड्यांनंतर. हे शेवटचं ऐकून त्याचा चेहरा सगळ्यात जास्त पडला. इन्स्टाग्रामचं काय?

म्हणूनच नऊवारीतल्या उडीकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. २०१८ मध्ये शीतलच्या नावावर सातशेच्या आसपास उड्या होत्या. सव्वाआठ मीटर कापड ताशी १९० किलोमीटरच्या वाऱ्यात फडफडून छातीवरच्या किंवा कमरेच्या हँडलवर आलं तर काय होईल, हे तिला शरीराने माहीत होतं, म्हणून साडी पिना आणि चिकटपट्ट्यांनी नीट बांधून घेतलेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी मारून काला पत्थरला साधारण १७,५०० फुटांवर उतरून दाखवलं. हातात जेमतेम ४००० फूट, आणि हवा इतकी विरळ की तीच छत्री समुद्रकिनाऱ्यापेक्षा तीसेक टक्के जास्त वेगाने जमिनीला भिडते. २००४ च्या उडीपेक्षा ही उडी कितीतरी अवघड, आणि माझ्या मते कितीतरी कमी बेफाम.

भारतात नागरी स्कायडायव्हिंग अजून बाळसं धरतंय. केंद्राचं हवाई खेळांचं राष्ट्रीय धोरण २०२२ मध्ये आलं आणि त्यात स्कायडायव्हिंगचं नाव आहे. तोवर कोर्ससाठी बहुतेकांना बाहेरच जावं लागतं, आणि बाहेर जाणाऱ्याला 'एवढे पैसे घातलेत तर लवकर लवकर उरकून टाकू' अशी घाई असते. चार दिवस वारा जास्त म्हणून जमिनीवर बसून राहायची तयारी असेल तरच तिकीट काढ, असं मी मित्राला सांगितलं. त्याने परतीची तारीख दहा दिवस पुढे ढकललीय, आणि छत्री तिथलीच भाड्याने घेणार आहे, २३० ची. रंग गुलाबी आहे म्हणे.