सणासुदीचे आकाश आणि लहान विमान : डभोईवरून बडोद्याकडे

बडोद्याच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटरवर वसलेले डभोई मराठी वाचकाला आठवते ते मुख्यतः १ एप्रिल १७३१ च्या लढाईमुळे. थोरल्या बाजीरावांच्या फौजेशी झुंजताना सेनापती त्रिंबकराव दाभाडे या परिसरात धारातीर्थी पडले. पुढे गायकवाडांच्या राज्यात येथून अरुंद रुळांच्या आगगाड्या चोहोबाजूंना धावू लागल्या आणि डभोई हे त्या जाळ्याचे केंद्र बनले. तटबंदी, हिरा भागोळ आणि रेल्वे एवढ्यावर या गावाची ओळख बहुधा संपते. परंतु अहमदाबादेतील साबरमतीचा काठ आणि केवडियातील सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा यांच्यामध्ये नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती बडोद्याच्या पूर्वेकडील कडेवरून आणि जवळजवळ डभोईच्या माथ्यावरून जाते. गेल्या काही वर्षांत सणासुदीच्या सुटीत या पट्ट्यातील आकाशाला जे महत्त्व आले, त्याचे मूळ या रेघेत आहे.

३१ ऑक्टोबर २०२० रोजी, सरदार पटेलांच्या जयंतीदिनी, साबरमती ते केवडिया अशी जलविमान सेवा सुरू झाली. मालदीवहून कोचीमार्गे आणलेले ते ट्विन ऑटर जातीचे, दोन इंजिनांचे, एकोणीस आसनांचे विमान होते. केवडियाकडील ज्या तलावात ते उतरणार होते, तेथील मगरी त्यापूर्वीच, २०१९ च्या आरंभी, पकडून अन्यत्र हलविण्यात आल्या होत्या. रस्त्याने चार तास घेणारा प्रवास पाऊण तासाच्या आत आला. मात्र देखभालीसाठी सेवेत वारंवार खंड पडत गेला आणि एप्रिल २०२१ नंतर ती बंदच राहिली. दरम्यान १७ जानेवारी २०२१ रोजी केवडिया स्थानकाचे उद्घाटन होऊन डभोई–चांदोद मार्गाने थेट गाड्या धावू लागल्या. पर्यटकांची खरी सोय अखेर रेल्वेनेच केली, हे नमूद केले पाहिजे.

त्या जलविमानामागे एक विमान कंपनी, दोन वैमानिक आणि ठरलेला मार्ग होता. सुटीसाठी स्वतःचे चार आसनी, एका इंजिनाचे विमान घेऊन निघालेल्या हौशी वैमानिकाची स्थिती वेगळी असते. भारतात खासगी वैमानिकाचा परवाना मिळण्यास उड्डाणाचे किमान चाळीस तास पुरतात. कमी गर्दीच्या आकाशात तेवढा अनुभव पुरेसा वाटू शकतो. शहराच्या हद्दीत शिरताना त्याची परीक्षा होते.

डभोईवरून बडोद्याच्या हरणी विमानतळाचे सरळ अंतर सुमारे सोळा सागरी मैल भरते. सेस्ना १७२ सारखे विमान ११० नॉट वेगाने हे अंतर नऊ मिनिटांत कापते. या नऊ मिनिटांत वैमानिकाला नियंत्रकाशी संपर्क साधून आपली जागा व उंची कळवावी लागते, मिळालेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते, ट्रान्सपाँडरवर दिलेला अंक लावावा लागतो, उंची कमी करावी लागते, समोरची विमाने डोळ्यांनी शोधावी लागतात आणि परवानगी न मिळाल्यास नियंत्रित हद्दीबाहेरच घिरट्या घालण्याची तयारी ठेवावी लागते. नियंत्रकाच्या स्पष्ट परवानगीवाचून हद्द ओलांडणे हा गंभीर नियमभंग होय. म्हणूनच अनुभवी वैमानिक हे संभाषण डभोईच्या बरेच अलीकडे सुरू करतात.

स्वच्छ दिवशी वाट शोधणे येथे अवघड नाही. दक्षिणेला नर्मदेचे पात्र, डभोईतून फुटणारे लोहमार्ग, वढवाणाचा तलाव आणि ईशान्येकडे मैदानातून एकाएकी सुमारे आठशे मीटर उठलेला पावागड या खुणा दुरून ओळखू येतात. मैदान सपाट असल्याने इंजिन बंद पडल्यास उतरण्याजोगी शेतेही सापडतात. हा मुद्दा दुय्यम नव्हे. नियमानुसार दाट वस्तीवरून उडताना जवळपासच्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा किमान एक हजार फूट वर राहणे बंधनकारक आहे. पण तेवढ्या उंचीवरून असे विमान इंजिनाविना जेमतेम पावणेतीन किलोमीटर तरंगत जाऊ शकते. बडोद्यासारख्या शहरात तेवढ्यात वस्ती संपेलच, असे नाही. म्हणून लांब पडली तरी शेतांवरून वळसा घालणारी वाट शहाणपणाची ठरते.

उड्डाणापूर्वीची कागदोपत्री सिद्धता ही तितकीच काटेकोर असते. उड्डाण आराखडा दाखल केल्यावर उड्डाण माहिती केंद्राकडून एफआयसी क्रमांक आणि हवाई दलाच्या यंत्रणेकडून एडीसी, म्हणजे हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांक, घ्यावा लागतो. स्थानिक सराव उड्डाणांच्या सवलती सोडल्यास या दोहोंवाचून निघता येत नाही. बडोद्यात हवाई दलाचा तळ आहे. शिवाय २८ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेला सी-२९५ लष्करी वाहतूक विमानांचा जुळणी कारखानाही याच शहरात आहे. त्यामुळे येथील नागरी आणि लष्करी वाहतूक एकमेकींपासून वेगळी काढता येत नाही. दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर पाहून, उडणाऱ्या विमानाला दहा हजार फुटांखाली पाच किलोमीटर दृश्यमानता लागते, ढगांपासून ठरावीक अंतर राखावे लागते आणि सूर्यास्तानंतर वीस मिनिटांच्या पुढे हवेत राहता येत नाही.

यातील प्रत्येक अट सणासुदीत अधिक जाचक होते. दिवाळीच्या रात्रीचा धूर आणि हिवाळ्यातील स्थिर हवा यांमुळे सकाळी दृश्यमानता घसरते. धुरके विरण्याची वाट पाहावी, तर हिवाळी दिवस आधीच लहान. ३१ ऑक्टोबरला केवडियात राष्ट्रीय एकता दिनाचा सोहळा असतो. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या दौऱ्यासाठी ‘नोटॅम’ ही वैमानिकांसाठीची सूचना काढून आकाशाचा काही भाग काही तास बंद ठेवला जातो. आदल्या रात्री वाचलेला नोटॅम सकाळी बदललेला असू शकतो. सुटीवर निघालेल्या माणसाकडून नेमकी हीच शेवटची तपासणी राहून जाण्याचा संभव अधिक.

पक्ष्यांचे वेळापत्रक तर कोणत्याच नोटॅममध्ये पूर्ण मावत नाही. डभोई तालुक्यातील वढवाणा तलाव बडोदा संस्थानाने १९१० च्या सुमारास सिंचनासाठी बांधला. २०२१ मध्ये तो रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समाविष्ट झाला. हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस हिवाळ्यात येथे उतरतात. त्यांतील एकेक पक्षी दोन-तीन किलोंचा असतो. प्रवासी विमानाच्या पुढील काचा पक्ष्याचा आघात सोसतील अशा बनविलेल्या असतात. लहान विमानाच्या पातळ काचेबाबत तशी हमी नसते. नोव्हेंबर ते मार्च हा पक्ष्यांचा मुक्काम आणि दिवाळी ते होळी हा सुट्यांचा हंगाम, हे दोन्ही एकाच वेळी येतात.

त्यातच जानेवारीत उत्तरायण. १४ आणि १५ जानेवारीला गुजरातेतील गच्च्या माणसांनी व आकाश पतंगांनी भरून जाते. तीन अंशांच्या उतारावर येणारे विमान धावपट्टीपासून एक सागरी मैलावर असताना जमिनीपासून जेमतेम तीनशे फुटांवर असते. या उंचीवर वैमानिकाचे लक्ष वेग आणि धावपट्टी यांवर खिळलेले असते. एखाद्या पतंगाला चुकविण्यासाठी घेतलेले तीव्र वळण पतंगापेक्षा धोकादायक ठरते. गंमत अशी की, १९३४ च्या भारतीय विमान कायद्याने ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येत पतंगाचाही समावेश केला होता. हा कायदा जाऊन त्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. गच्चीवरील पतंगबाजाला यातील कशाचीच फिकीर नव्हती आणि नाही.

तरीही, लहान विमानाला शहराच्या आकाशात सहज जागा न मिळण्याचे मुख्य कारण धूर, पक्षी किंवा पतंग हे नव्हे. ते कारण त्याचा संथपणा आहे. उतरण्याच्या रांगेतील शेवटचे दहा सागरी मैल एअरबस ३२० हे विमान १४० नॉट वेगाने सव्वाचार मिनिटांत पार करते. तेच अंतर ९० नॉट वेगाच्या लहान विमानाला पावणेसात मिनिटे लागते. शिवाय मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे मागे सुटतात आणि ते हलक्या विमानाला उलटे करू शकतात. म्हणून सात हजार किलोपर्यंतच्या विमानाने अशा मध्यम वजनी विमानामागे उतरताना पाच सागरी मैलांचे अंतर ठेवावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. चार माणसांच्या एका विमानासाठी नियंत्रकाला रांगेत जी फट ठेवावी लागते, तिच्यात दीडशे-दीडशे प्रवाशांची दोन विमाने सामावली असती. बडोद्यात दिवसाच्या बऱ्याच वेळी अशी फट मिळते. मुंबईत ती मिळत नाही.

मुंबईचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथील मुख्य विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार, गर्दीच्या काळात तेथे तासाला ४६ उड्डाणे व अवतरणे होत होती. म्हणजे साधारण दर ७८ सेकंदांना एक. विमानांना उतरण्यापूर्वी चाळीस ते साठ मिनिटे घिरट्या घालाव्या लागत आणि ताशी दोन हजार किलो इंधन हवेत जळे. त्यावर उपाय म्हणून ही संख्या ४४ वर आणि इतर वेळची ४४ वरून ४२ वर आणण्यात आली. खासगी व व्यावसायिक लहान विमानांवरील निर्बंधाचे तास चारांवरून आठ झाले. सकाळी ८ ते ११, सायंकाळी ५ ते ८ आणि रात्री सव्वानऊ ते सव्वाअकरा या वेळा त्यांच्यासाठी बंद झाल्या. दिवसा दृश्य नियमांनी उडणाऱ्या लहान विमानाच्या राखीव इंधनाचा आंतरराष्ट्रीय किमान दंडक अवघ्या अर्ध्या तासाचा आहे. तेवढ्याच भरवशावर अशा रांगेकडे निघणे म्हणजे दैवावर हवाला ठेवणे होय.

याच शहरात लहान विमानाचे स्वागत कसे होत असे, हेही आठवते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका इंजिनाच्या पस मॉथ विमानाने जुहूच्या मैदानावर उतरले. त्यांच्यापाशी रेडिओ नव्हता आणि अडविणारी रांगही नव्हती. त्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवी दिनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी लेपर्ड मॉथ या तशाच जुन्या विमानातून तो प्रवास पुन्हा केला. तोपर्यंत जुहूच्या शेजारी सांताक्रुझला मोठी जेट विमाने ये-जा करीत होती. हे दोन विमानतळ इतके जवळ आहेत की, १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८ हे मोठे विमान सांताक्रुझ समजून जुहूलाच उतरले होते.

शहरावरील उड्डाणाची किंमत केवळ विमानात बसलेलेच मोजतात असे नाही. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी निघालेले किंग एअर सी-९० विमान घाटकोपर येथे बांधकाम चालू असलेल्या जागेत कोसळले. विमानातील चौघे आणि खालून जाणारा एक पादचारी अशा पाच जणांचा मृत्यू झाला. लहान विमानांच्या परवानगीबाबत नियंत्रक कठोर का असतात, याचे उत्तर त्या पाचव्या माणसाच्या मृत्यूत आहे.

गोव्यात हाच प्रश्न नाताळ आणि नववर्षाच्या आठवड्यात उभा राहतो. दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ. सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असतात आणि उरलेल्या वेळात नागरी विमानांची दाटी होते. ५ जानेवारी २०२३ पासून मोपा येथून प्रवासी वाहतूक सुरू झाल्याने ताण विभागला गेला. तरी सुटीच्या दिवसांत विमान उतरविण्याची वेळ मिळणे ही एक गोष्ट आणि ते उभे करण्यास जागा मिळणे ही दुसरी. जागा नसल्यास प्रवाशांना उतरवून रिकामे विमान दुसऱ्या विमानतळावर नेऊन ठेवावे लागते आणि परतीच्या दिवशी पुन्हा आणावे लागते. त्याचा खर्च भाड्यात धरला आहे की नाही, हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे.

याहून महत्त्वाची चौकशी परवान्याची. खासगी नोंदणीच्या विमानातून पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. त्यासाठी चालकाकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा अनियमित वाहतूक परवाना असावा लागतो. हंगामात मागणी वाढली की ‘ओळखीतले विमान’ स्वस्तात मिळवून देणारे मध्यस्थही पुढे येतात. अशा उड्डाणात अपघात झाल्यास विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. परवान्याची प्रत मागणे हा प्रवाशाचा हक्क आहे. त्याचबरोबर एकच वैमानिक आहे की दोन, विमानाला इंजिने किती, आणि ठरलेल्या ठिकाणी उतरता न आल्यास पर्यायी विमानतळ कोणता, हेही विचारून ठेवावे. डभोईच्या बाजूने बडोद्याकडे येणाऱ्या वैमानिकाने ही शेवटची गोष्ट निघण्यापूर्वीच ठरविलेली असते. हरणीने नकार दिल्यास अहमदाबादपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे आणखी अर्ध्या तासाचे इंधन, टाकीत असावे लागते. आणि तेही राखीव साठ्याला हात न लावता.