तळटीप १४ : ‘प्रिंटर सगळं विसरतो’

१४. भाईंदर स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातला प्रिंटर ‘रात्री बंद केला की सगळं विसरतो’, हे लेखकाने गमतीने लिहिले असले तरी अक्षरशः खरे आहे. एचपी लेझरजेट १०२० हा प्रिंटर आपले फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोसेसरने चालवायचा प्रोग्रॅम, कायमचा साठवत नाही. तो प्रोग्रॅम रॅममध्ये असतो; वीज गेली की पुसला जातो. प्रिंटर चालू होताच यूएसबीवरून संगणकाला आपली ओळख सांगतो, मग संगणक डिस्कवरची फर्मवेअरची फाइल त्याच्याकडे धाडतो. त्यानंतरच तो छापायला तयार होतो. विंडोजमध्ये हे ड्रायव्हर परस्पर उरकतो, म्हणून दुकानदाराला पत्ताही लागत नाही. लिनक्सवर मात्र ही फाइल मुक्त परवान्याबाहेरची असल्याने वेगळी मिळवावी लागते. ती नसेल तर प्रिंटर यादीत दिसतो, दिवा लागतो, कागद काही हलत नाही. मूळ लेखातल्या पुढच्या परिच्छेदातल्या ‘ड्रायव्हर बिघडला’ या लेखकाच्या निदानाशी म्हणूनच मी सहमत नाही. ड्रायव्हर शाबूत होता, फाइल नव्हती.

वायफाय कार्डाचेही बरेचसे असेच. ड्रायव्हर कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, फाइल मागतो, कर्नल ती ठरलेल्या फोल्डरात शोधतो. सापडली नाही तर नोंदीत ‘उणे २’ हा त्रुटीक्रमांक उमटतो. डेबियन या लिनक्स-वितरणाने २०२२ मध्ये सदस्यांचे मतदान घेऊन अशा फाइली अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालायचे ठरवले आणि २०२३ च्या १२व्या आवृत्तीपासून त्या आल्या. लेखकाचा प्रसंग त्याआधीचा. — संपा.