चाकामागची चप्पल

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989. त्यातला पंधरावा नियम वाहन चालवण्याच्या परीक्षेचा. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा माझं अवजड वाहनाचं लायसन बरंच जुनं झालं होतं. उतारावर गाडी चटकन खालच्या गिअरमध्ये आणता आली पाहिजे. खड्या चढावर थांबवलेली गाडी हँडब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर आणि पायाचा ब्रेक नीट वापरून, मागं न घसरता पुन्हा काढता आली पाहिजे. वाचता वाचता हसूच आलं. हे तर आमच्या आबांचं बोलणं. सरकारनं फक्त त्यातल्या शिव्या गाळल्या होत्या.

आबा म्हणजे माझे आजोबा. पाटण खोऱ्यातले. दुसरं महायुद्ध चालू असताना, मिसरूड फुटायच्या आधीच ते एका मालमोटारीवर क्लिनर म्हणून लागले. पेट्रोलवर रेशनिंग होतं, म्हणून देशभर मोटारी आणि लॉऱ्या कोळशाच्या गॅसवर चालवल्या जात. गाडीच्या मागच्या अंगाला पत्र्याची उभी टाकी, तिच्यात कोळसा. पहाटे क्लिनरनं उठायचं, आदल्या दिवशीची राख काढायची, निखारा पेटवायचा आणि पंख्याचा दांडा फिरवत बसायचं. गॅस धरला की मग पुढं जाऊन इंजिनाला हँडल मारायचं. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विरुद्ध बाजूनं आवळायचा नाही, कारण इंजिन उलटं फिरलं तर हँडल मनगट मोडून जायचं. आबांनी मला गाडीतली पहिली शिकवण दिली ती ही. तोवर हँडलची गाडी आमच्या तालुक्यातून नाहीशी होऊन जमाना लोटला होता.

त्या टाकीपाशी बसलं की डोकं गच्च धरायचं, असं ते सांगत. त्यांना वाटायचं कोळशाची धग लागते. तो कार्बन मोनॉक्साइड होता. त्यानं माणूस मरतो हे कुणी त्या पोरांना सांगितलं असेल असं वाटत नाही. पेट्रोलच्या मानानं इंजिनाची ताकद निदान तिसऱ्या हिश्श्यानं घटलेली असायची, त्यामुळं घाट आला की माणसांनी उतरून चालायचं आणि क्लिनरनं लाकडी ठोकळा हातात घेऊन मागच्या चाकाशेजारून पळत जायचं. गाडी दमली की ठोकळा चाकामागं. तिनं श्वास घेतला की ठोकळा उचलून पुन्हा पळायचं. हा सगळा प्रकार कुंभार्ली घाटात. खाली पोफळी, वर हेळवाक. चिपळूणकडून तांदूळ आणि सुकी मासळी वर यायची, कराडकडून गूळ आणि कांदा खाली जायचा.

गाडीवरच्या उस्तादाला सगळे चाचा म्हणत. त्यांचं नाव आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही. मिरजेकडचे होते एवढंच आबा सांगत. चाचा क्लिनरला स्टेअरिंगला हात लावू देत नसत. गाडी धुवायची, ग्रीस भरायचं, पाटे तपासायचे, ताडपत्री आवळायची, रात्री हौद्याखाली झोपायचं. अशी वर्षं गेल्यावर एका दुपारी, हेळवाकच्या अलीकडच्या चढावर, त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि आपली नवीकोरी कोल्हापुरी चप्पल मागच्या चाकाला चिकटवून ठेवली. म्हणाले, काढ गाडी. चप्पल चुरगळली तर उद्यापासून गावाकडं गुरं राखायला जा.

या गोष्टीत आबा नेहमी इथं थांबत आणि तंबाखू मळायला घेत. आम्ही पोरं विचारायचो, मग? ते म्हणायचे, "मंग काय? चाचानं चप्पल पायात घातली न् बसला गाडीत. शाबास बी म्हनला न्हाई."

आजी हे ऐकत असायची. तिची गोष्ट वेगळी होती आणि ती सांगायला तिला कुणी बोलवत नसे. "क्लिनर असताना एक रुपया घरी आला न्हाई," ती म्हणायची. "जेवान आन वरसाला दोन कापडं. हातावर भाजल्याची खूण हाय ती कशाची, इचारा की." खूण खरंच होती, उजव्या कोपराखाली, भट्टीची. आबा त्यावर बाही ओढून घेत. उस्तादांच्या तालमीचं गुणगान मी बऱ्याच ड्रायव्हरांच्या तोंडून ऐकलंय, पण त्यात मार किती खाल्ला, पगाराविना किती राबवलं, झोपेत चाकाखाली गेलेल्या पोरांचं काय झालं, हे कुणी आपण होऊन सांगत नाही. जे ड्रायव्हर झाले त्यांच्याच गोष्टी उरतात. माझ्यापुरता मी आजीच्या बाजूचा आहे.

आबांनी लायसन काढलं ते 1939 च्या मोटार कायद्याखाली. परीक्षेत पंचवीस यार्डांवरून नंबरपाटी वाचून दाखवायची असे. आबांना मराठी अक्षर येत नव्हतं. पण नंबरपाट्या पुसून पुसून त्यांच्यावरची इंग्रजी अक्षरं आणि आकडे त्यांना पाठ झाले होते, त्यामुळं साहेबानं बोट दाखवलेली पाटी त्यांनी घडाघडा वाचली आणि मग कागदावर अंगठा उठवला. साहेब बुचकळ्यात पडला, म्हणे. मधल्या काळात आपल्याकडं मालवाहू गाडीच्या लायसनसाठी आठवी पासची अट आली होती, ती 2019 मध्ये काढून टाकली. त्या अटीवरच्या चर्चा वाचताना मला तो अंगठा आठवायचा. अर्थात गाडीचे कागद, वजनाची पावती, धोक्याची पाटी हे वाचता न येणारा ड्रायव्हर किती परावलंबी असतो, हेही मी घरातच पाहिलंय. आबांची बिल्टी शेवटपर्यंत दुसरा कुणीतरी वाचून दाखवायचा आणि त्यात ते एकदोनदा चांगलेच नाडले गेले.

1950 च्या दशकात कोयनेचं धरण सुरू झालं आणि खोऱ्यातल्या रस्त्यावर सिमेंटच्या गाड्यांची रीघ लागली. कराडचं रेल्वे स्टेशन गावापासून लांब, ओगलेवाडीच्या अंगाला. तिथून पोती भरायची आणि कोयनानगरला रिकामी करायची. ओगलेवाडी म्हणजे ओगल्यांचा काच कारखाना आणि प्रभाकर कंदील. मागचा दिवा गेला की तोच कंदील हौद्याला टांगून गाडी चालायची. समोरचे दिवेही असे की वळणावर पुढं दरड आहे की गाडी, हे जवळ जाईपर्यंत कळू नये. आजच्या लायसनच्या अर्जात रातांधळेपणा आहे का, असा प्रश्न असतो. त्या दिव्यांत सगळेच रातांधळे होते.

आबांच्या हाताखाली तात्या तयार झाले. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. तोवर गाड्या बदलल्या होत्या. 1954 मध्ये टाटांनी जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, आणि तो करार पंधरा वर्षं चालला. तेवढी वर्षं त्या ट्रकच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी असायची. आमच्याकडं तिला कुणी टाटा म्हणत नसे. "मर्शिडी आली" म्हणायचे. शहरात मर्सिडीज म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढं काय येतं हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. आमच्या मर्शिडीला उसाचा आणि शेणाचा वास यायचा.

तात्यांचं लायसन नवं असतानाच 11 डिसेंबर 1967 ची ती पहाट आली. कोयनानगर भूकंपानं पडलं. पुढचे कित्येक दिवस त्यांनी पत्रे, धान्य आणि घोंगड्या वाहिल्या. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. रस्त्याला भेगा होत्या आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये चालवायची होती, एवढंच सांगतात.

मुंबईच्या खेपेबद्दल मात्र भरभरून बोलतात. त्या खेपेत खंडाळ्याच्या जुन्या घाटात शिंग्रोबा लागायचा. शिंग्रोबाची गोष्ट महाराष्ट्रातल्या ड्रायव्हरला सांगावी लागत नाही: इंग्रजांना बोरघाटातून रेल्वेची वाट सापडेना, ती या धनगरानं दाखवली, बक्षीस माग म्हटल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली. घाटातली रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली. कामाचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारला आणि त्याच्या मागं त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, काम तडीस नेलं, हे इतिहासाच्या पुस्तकांत सापडतं. शिंग्रोबा मात्र ड्रायव्हरांच्या तोंडी आहे आणि देवळात आहे. गोष्ट घडली तशीच घडली असेल का, याचा मी बराच काळ कीस काढत असे. तात्यांना त्यात रस नव्हता. चालत्या गाडीतून नाणं टाकताना ते हात जोडत नसत, कारण घाटात स्टेअरिंग सोडायचं नाही. "वाट दावणाऱ्याचं नाव कुठं लिवलेलं असतंय का?" एवढंच म्हणाले. मला तेव्हा चाचा आठवले.

माझ्यावर स्टेअरिंग आलं ते नव्वदीच्या दशकात, उसाच्या हंगामामुळं. कारखाना सुरू झाला की गाडी रात्रंदिवस लागते आणि तात्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. लहान गाडीचं लायसन माझ्याकडं होतं. ते वर्षभर जुनं झाल्याशिवाय मालवाहू गाडीचं शिकाऊ लायसन मिळत नाही, वयही वीस पूर्ण लागतं. त्या वर्षात तात्यांनी मला चालवायला नाही, ऐकायला शिकवलं. डाव्या बाजूला बसवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, आता कुठला गिअर?

आमच्या जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स असा होता की त्याला फसवता येत नसे. वरून खाली येताना आधी क्लच दाबून न्यूट्रल, मग क्लच सोडायचा, अ‍ॅक्सिलरेटर देऊन इंजिन तेवढंच फिरवायचं जेवढं खालच्या गिअरला हवंय, आणि पुन्हा क्लच दाबून गिअर आत घालायचा. याला डबल क्लच म्हणतात. इंजिनाचा वेग जुळला तर गिअर तबल्यावर सम पडावी तसा पडतो. नाही जुळला तर आतून असा करकराट येतो की रस्त्याकडेला चहा पिणारे ड्रायव्हर मान वळवून बघतात. त्या मान वळवण्याची भीती साहेबाच्या भीतीपेक्षा मोठी असते. चढावर हे चुकलं तर गाडी न्यूट्रलमध्ये अडकते, ना वरचा गिअर घेते ना खालचा, आणि भरलेला ट्रक मागं निघतो.

उताराचं शास्त्र वेगळं. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे पुष्कळ असतात. त्यांचा सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनिंग जळल्याचा वास सुटतो आणि मग पायाखालचा ब्रेक असून नसल्यासारखा होतो. घाटात पालथ्या पडलेल्या ट्रकजवळून जाताना तात्या वेग कमी करून विचारायचे, "न्यूट्रल?" बहुधा उत्तर हो असायचं.

आणि अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट. हे नियमातही आहे. तात्या याबाबतीत इतके कडक की समोरून रिकामी गाडी चढत असली तरी आपण भरलेले थांबायचे.

परीक्षेच्या दिवशी तात्या इस्त्रीचा सदरा घालून बरोबर आले. मैदान सपाट होतं. मी खुणा दाखवल्या, गाडी पुढं नेली, मागं घेतली, वळवली. तपासणारे साहेब शेजारी बसून रस्त्यावर एक फेरी मारून आले, डबल क्लचचा आवाज ऐकून माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "कुणी शिकवलं?" मी खाली उभ्या तात्यांकडं बोट केलं. "झालं. उतरा."

मी खुशीत. तात्या घुश्शात. "चढ कुठाय? चढावर थांबीवलंच न्हाई?" मी म्हटलं, इथं चढच नाही. "मंग कशावर पास केला?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला हेळवाकला नेलं. गाडीत उसाचं बेणं भरलेलं होतं. चढावर थांबवायला सांगून ते खाली उतरले. मी आरशात बघितलं तर माणूस वाकलेला आणि एक पाय अनवाणी. काय चाललंय हे विचारायची गरज नव्हती. हँडब्रेक ओढलेला, क्लच अर्ध्यावर, इंजिनाचा आवाज जड होऊन गाडी जराशी वर उचलल्यासारखी झाली, तेव्हा हँडब्रेक सोडला. गाडी पुढं निघाली. आता चढावर भरलेली गाडी एकदा निघाली की पुढची सपाटी येईपर्यंत थांबवायची नाही, ही तात्यांचीच शिकवण. मी ती तंतोतंत पाळली. वळणापलीकडं गाडी लावून बसलो, तर बऱ्याच वेळानं तात्या चप्पल घालून, धापा टाकत, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत वर आले. त्या सात पिढ्यांत ते स्वतःही होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आज तात्या ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचा नातू एका ट्रान्सपोर्टकडं लांबच्या मार्गावर गाडी चालवतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. त्यानं अशी नवी गाडी दिवाळीत दारात आणली, तेव्हा तात्यांना धरून केबिनमध्ये चढवावं लागलं. त्यांनी सीटवर हात फिरवला, काच वर-खाली करून पाहिली.

"काचा लावून चालवायची?"

"व्हय आजोबा. एसी असतोय."

"मंग पाटा तुटला तर ऐकू कसं येनार?"

"डॅशबोर्डवर बरंच काय काय दिसतं."

"पाटा दिसतो?"

नातू हसला. पाटा दिसत नव्हता. तात्यांनी डाव्या सीटकडं बघितलं. तिथं चार्जरची वायर आणि पाण्याची बाटली होती.

"क्लिनर कुठाय?"

"क्लिनर न्हाई ठेवत आता. परवडत न्हाई मालकाला. आन पोरं येत बी न्हाईत."

"मंग पुढचं पोरगं शिकनार कुठं?"

"शाळा असतीया आजोबा, ड्रायव्हिंगची. पगार न देता राबायचं, कोन येईल आता?"

यावर तात्या काही बोलले नाहीत. आजी असती तर बोलली असती.

मग त्यांनी नातवाला गाडी सुरू करायला लावली, गावाबाहेरच्या खिंडीपर्यंत नेऊन आण म्हणाले, आणि उतरायच्या आत काच खाली घेतली.