जामखेडच्या आरोग्यसेविका

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असें आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. ज्या भयांतून हें वचन निघालें, तें अर्ध्या शतकापूर्वीं महाराष्ट्राच्या दुष्काळी खेड्यांत घरोघर नांदत होतें. तें भय दूर करण्यास ज्या स्त्रिया पुढें आल्या, त्यांपैकीं पुष्कळींना अक्षरओळखही नव्हती. त्यांच्या कार्याचा हा अल्प वृत्तांत वाचकांस सादर करीत आहों.

सन १९७० मध्यें डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील जामखेड येथें आलें. दोघांचें वैद्यकीय शिक्षण वेल्लोर येथें झालें होतें, व पुढें अमेरिकेंत त्यांनीं सार्वजनिक आरोग्यशास्त्राचा अभ्यास केला होता. रुग्णालयांत बरा होऊन गेलेला रोगी त्याच दुखण्यानें पुन्हा दाराशीं येतो, हा अनुभव त्यांच्या गांठीं होता. तेव्हां रोगाचें मूळ खेड्यांतच शोधावें, असा त्यांचा निश्चय होता.

तेथील स्थिति हृदयद्रावक होती. १९७१ च्या सुमारास जन्मलेल्या दर हजार बालकांपैकीं १७६ बालकें वर्षाच्या आंत दगावत. शंभर गर्भवतींपैकीं एकीचीही नीट तपासणी होत नसे. दारिद्र्याच्या जोडीला अज्ञान होतें. पोटांतलें मूल वाढलें तर सुटका अवघड होईल, ह्या भीतीनें गर्भवती पोटभर जेवत नसे. नाळ हातीं येईल त्या पात्यानें कापली जाई व त्यांतून धनुर्वात होई. आईचें पहिलें दूध, म्हणजे चीक, अपायकारक समजून टाकून देत.

प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठविण्यांत आल्या. पण तो उपाय फळास आला नाहीं. परगांवच्या मुलीस खेड्यांत एकटें राहणें कठीण, आणि परक्या मुलीचा उपदेश गांवच्या सासवांस पटेना. मग असें ठरलें कीं, गांवानेंच आपल्यांतील एक बाई निवडावी व तिला शिकवावें. ह्या निवडलेल्या स्त्रियांत पुष्कळ दलित होत्या. कित्येक नवऱ्यानें टाकलेल्या होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडास येत, एका पंक्तीस जेवत व निरनिराळ्या जातींच्या असूनही एकाच मोठ्या पांघरुणाखालीं निजत. त्यांस पगार नव्हता. उपजीविकेसाठीं लहानसहान धंद्यास साह्य मिळे.

त्यांचें काम दिसण्यांत साधें होतें. घरोघर जाऊन गर्भवतीची विचारपूस करावी. डोळे व नखें पांढुरकीं दिसतात काय, पायांस सूज आहे काय, हें पाहावें. धनुर्वाताची लस टोंचून घेण्यास लावावें. स्वच्छ पातें, दोरा व साबण घेऊन बाळंतपणास हजर राहावें. धोका दिसतांच बाईस वेळेवर रुग्णालयांत पोंचवावें. परंतु ह्या साध्या कामास मोठें धैर्य लागे. ज्या हातचें पाणी उंबऱ्याच्या आंत चालत नव्हतें, त्याच हातीं सून व नातवंड सोंपविण्याची पाळी कित्येक घरांवर आली. आणि माणूस वांचलें, तसा उंबराही सैल झाला.

प्रकल्पाच्या नोंदीप्रमाणें १९७६ पर्यंत शंभरांपैकीं ऐंशी गर्भवतींची तपासणी होऊं लागली. बालमृत्यूचा आंकडा हजारीं ५२ वर उतरला व १९९६ मध्यें २६ झाला. १९७५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या ग्रंथांत ह्या कार्यास स्थान दिलें. १९७९ मध्यें आरोळे पतिपत्नींस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ह्याच वाटेनें गडचिरोलींत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांनीं गांवच्या स्त्रियांस नवजात बालकांची घरगुती शुश्रूषा शिकविली व अनेक जीव वांचविले. पुढें २००५ सालीं सुरू झालेल्या सरकारी योजनेंतून गांवोगांवीं 'आशा' सेविका नेमण्यांत आल्या.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. आशा सेविका आज आपल्या श्रमाचें योग्य मोल मागत आहेत, आणि तें मागणें न्याय्य आहे. सेवा मोफत मिळाली तरी सेविकेची चूल मोफत पेटत नाहीं. गरीब बाईच्या स्वयंसेवेवर समाजानें व सरकारनें आपलें कर्तव्य टाकून मोकळें होणें, हा तिच्या त्यागाचा गौरव नव्हे.

जामखेडच्याच एका सेविकेनें अमेरिकेंतील परिषदेंत सांगितलें होतें कीं, डॉक्टर हे महागड्या झुंबरासारखे, तर आम्ही पणतीसारख्या. पण एक पणती दुसरी पणती लावूं शकते. आपल्या आळींतही एखादी गर्भवती उपाशीं कामावर जात असेल. "बाई, आज जेवलीस का?" एवढें तिला विचारण्यास पदवी लागत नाहीं. जामखेडच्या स्त्रियांनीं आपलें काम तेथूनच आरंभिलें होतें.