लहान नौकांतील एंजिने व त्यांचा चालनखर्च

लहान नौकांतील एंजिने : सु. १५ मी. पर्यंत लांबीच्या मासेमारी, उतारू व मालवाहू नौकांना गती देण्यासाठी वापरली जाणारी अंतर्ज्वलन एंजिने. ती दोन प्रकारे बसविली जातात. नौकेच्या पोटात पक्क्या बैठकीवर बसवून लांब दांड्याच्या योगे पाण्यातील पंखा फिरविणारे ते आंतर एंजिन आणि पंख्यासह सबंध उचलून नौकेच्या मागील फळीला बाहेरून अडकविता येणारे ते बाह्य एंजिन. आंतर एंजिने बहुतांशी डीझेलवर, तर बाह्य एंजिने बहुतांशी पेट्रोलवर किंवा रॉकेलवर चालतात. इंधन, वंगण, दुरुस्ती व घसारा मिळून होणाऱ्या खर्चास येथे चालनखर्च म्हटले आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारी प्रामुख्याने डीझेल एंजिनावर उभी राहिली. डीझेल एंजिन मुळातच काटकसरी असते, हे त्याचे कारण म्हणून सामान्यतः सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. राहिलेले अर्धे कारण शासनाच्या किंमत व करविषयक धोरणात होते आणि ते धोरण बदलल्यावर कोळ्यांच्या हिशेबात जी ओढाताण झाली, ती या अर्ध्या भागाकडे दुर्लक्ष केल्यास समजत नाही.

नौकेवर पेट्रोल एंजिन प्रथम आले. गोटलीप डाइमलर (१८३४–१९००) या जर्मन अभियंत्याने १८८६ मध्ये नेकार नदीवर एंजिनाची होडी चालविली. पेट्रोलच्या स्फोटाची लोकांना इतकी धास्ती होती की, होडी विजेवर चालते असे वाटावे म्हणून त्याने तिच्या कडेने तारा व चिनी मातीचे निरोधक लावले होते, असे सांगतात. ही धास्ती अगदीच अनाठायी नव्हती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साचते व एका ठिणगीने पेटते. जड तेलावर चालणाऱ्या एंजिनांचा विकास याच सुमारास सुरू झाला. इंग्लंडमध्ये हर्बर्ट ॲक्रॉइड स्ट्यूअर्ट (१८६४–१९२७) याने १८९० मध्ये एकस्व घेतलेल्या एंजिनात सिलिंडराच्या डोक्यावरील लोखंडी गोळा आधी दिव्याने तापवावा लागे. पुढे उत्तर युरोपातील मच्छीमारांनी याच जातीची एंजिने मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. ती अवजड व धुरकट होती. परंतु मिळेल ते तेल त्यांना चाले. रूडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) याचे एंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. बाह्य एंजिन लोकप्रिय करण्याचे श्रेय अमेरिकेतील ओले एव्हिनरूड (१८७७–१९३४) याच्याकडे जाते; त्याची एंजिने १९०९ पासून बाजारात आली.

दोन्ही एंजिनांच्या इंधनखर्चातील फरक त्यांच्या रचनेतून येतो. पेट्रोल एंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबून ठिणगीने पेटवितात. मिश्रण वेळेआधीच पेटू नये म्हणून ते मूळ आकारमानाच्या साधारण आठव्या-नवव्या हिश्श्यापलीकडे दाबता येत नाही. डीझेल एंजिनात केवळ हवाच दाबली जाते. ती सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबल्याने इतकी तापते की, तीत फवारलेले तेल आपोआप पेटते. दाब जितका अधिक तितका उष्णतेचा अधिक भाग कार्यात उतरतो. शिवाय एक लि. डीझेल एक लि. पेट्रोलपेक्षा वजनाने भारी असल्यामुळे त्यात उष्णताही सु. एक-अष्टमांशाने जास्त असते. याचा परिणाम असा की, १० अश्वशक्ती तासभर मिळविण्यासाठी डीझेल एंजिनास साधारण २·२ लि., चतुर्धाव पेट्रोल एंजिनास ३·३ लि. आणि बाजारात ज्याला टू-स्ट्रोक म्हणतात त्या द्विधाव पेट्रोल एंजिनास ४·५ लि. इंधन लागते. द्विधाव एंजिनाच्या पेट्रोलात वंगणतेल मिसळावे लागते, तो खर्च निराळा. हे आकडे सुस्थितीतील एंजिनांचे होत. खाऱ्या पाण्यात काही वर्षे काढलेले एंजिन ते सहज ओलांडते.

डीझेल एंजिनाची उणी बाजू म्हणजे त्याचे वजन व मूळ किंमत. मोठा दाब सोसण्यासाठी त्याचे भाग जाड ओतावे लागतात. २५ अश्वशक्तीचे बाह्य पेट्रोल एंजिन सु. ५० किग्रॅ. भरते व दोन माणसे ते उचलून झोपडीत नेऊन ठेवतात. तेवढ्याच शक्तीच्या जुन्या पद्धतीच्या डीझेल एंजिनासाठी कप्पी व दहा माणसे लागतात आणि एकदा बसविले की ते नौकेचाच भाग होऊन राहते. दुरुस्ती मात्र डीझेल एंजिनाची कमी वेळा निघते. ठिणगीची विजेची यंत्रणा दमट, खाऱ्या हवेत वारंवार दगा देते, तर डीझेल एंजिनात तीच मुळी नसते. मात्र तेल फवारणारा पंप बिघडल्यास तो शहरातील जाणत्या कारागिराकडेच न्यावा लागतो.

भारतात डीझेल एंजिनाला जम बसविता आला तो शेतीमुळे. साताऱ्यातील कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी देशी बनावटीचे डीझेल एंजिन तयार केले. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. या एंजिनांचे मुख्य गिऱ्हाईक विहिरीवर पंप बसविणारा शेतकरी हे होते. वीज पोहोचण्यापूर्वी वऱ्हाडात विहिरींच्या काठी धडधडणारी एंजिने आणि कोकणातील मचव्यांच्या पोटातील ‘मशीन’ ही भावंडेच म्हणावी लागतील. शेतीसाठी हजारोंनी एंजिने निघत नसती, तर कोळ्याला ते परवडेल अशा किमतीस मिळाले नसते आणि त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी विकले गेले नसते. इतिहासलेखनात ही बाजू सहसा दुर्लक्षित राहते.

इंधनाच्या किमतीही त्याच दिशेने वळल्या. तुर्भे येथे १९५४ व १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाल्यावर मुंबईच्या किनाऱ्यास इंधनाचा पुरवठा सुलभ झाला. पेट्रोल हे मोटारवाल्यांचे इंधन, तर डीझेल हे एस.टी.चे, मालमोटारींचे व शेतीपंपाचे, अशी शासनाची धारणा होती. १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाच्या जागतिक किमती काही महिन्यांतच सु. चौपट झाल्या, तेव्हा वाढीचा भार मुख्यतः पेट्रोलवर टाकण्यात आला. १९८० नंतरच्या दशकात डीझेल पेट्रोलच्या निम्म्या किमतीच्या आसपास मिळत असे. म्हणजे १० अश्वशक्तीच्या एका तासाचा खर्च चतुर्धाव पेट्रोल एंजिनात डीझेलच्या तिप्पट व द्विधाव एंजिनात चौपटीहून अधिक येई. हे तिप्पट अंतर दीडपट एंजिनाचे व दुप्पट किमतीचे अशा गुणाकाराने बनले होते. पहिला गुणक निसर्गनियमाचा आहे. दुसरा अर्थखात्याच्या हाती होता.

पश्चिम किनाऱ्यावरील नौकाबांधणीचेही यात अंग आहे. सातपाटी (आता पालघर जिल्ह्यात) व वर्सोवा येथील मचव्यांचे बूड खोल व बांधा भक्कम असल्याने मागील भागात थोडा फेरफार करून त्यांत डीझेल एंजिन बसविता आले. मुंबई राज्यात कर्ज व अनुदान देऊन हे काम पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९५१–५६) पुढे नेण्यात आले. डोल जाळ्याने बोंबील धरणाऱ्या कोळ्यास वारा पडला म्हणून मासळी नासण्याची भीती उरली नाही. ओहोटी विरुद्ध असतानाही बंदर गाठता येऊ लागले. केरळात याउलट घडले. भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रे यांच्यात १९५२ मध्ये झालेल्या करारानुसार कोल्लमजवळ नीण्डकरा येथे सुरू झालेल्या प्रकल्पात आधी तेथील देशी होड्यांना एंजिन बसविण्याचा विचार झाला. परंतु लाटांतून वाळूवर ओढून आणण्याच्या त्या हलक्या होड्यांना ते मानवेना, म्हणून डीझेल एंजिनांच्या नव्या नौका बांधाव्या लागल्या. मूळच्या होड्यांना यंत्र मिळाले ते १९८० च्या सुमारास, बाह्य एंजिनाच्या रूपाने. ते पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवीत, कारण दिव्यासाठी अनुदानित असलेले रॉकेल सर्वांत स्वस्त होते. द्विधाव एंजिनात रॉकेल जाळणे ही यंत्रदृष्ट्या गैरसोयच. काजळी धरते, धूर फार होतो, एंजिन लवकर झिजते. तरी ते वापरले गेले, याचे कारण किमतीतच शोधले पाहिजे. २०१६ पासून रॉकेलची किंमत टप्प्याटप्प्याने वाढवून अनुदान संपुष्टात आणले गेले, तेव्हा या होड्यांचा सारा हिशेब कोलमडला.

महाराष्ट्रात इंधनाचा प्रश्न वाटणीच्या रूढीतून घरोघर पोहोचतो. फेरीची मासळी विकली की, आधी डीझेल, बर्फ व शिधा यांचा खर्च वजा होतो आणि उरलेल्या रकमेत मालक, तांडेल व खलाशी यांचे वाटे पडतात. शिडाच्या काळात वाऱ्याचे पैसे कोणास द्यावे लागत नव्हते. एंजिन आल्यावर मासळी वाढली, पण वाट्याआधीचा खर्चही वाढला. रिकाम्या हाताने परतलेल्या फेरीचे डीझेलही कर्जाच्या वहीत मांडले जाऊ लागले. ट्रॉलर नौकांनी ही गोष्ट तीव्र केली. डोल जाळे भरतीच्या प्रवाहात स्थिर असते व एंजिन केवळ जाण्यायेण्यास लागते. ओढजाळे मात्र तासन्‌तास एंजिनाच्याच बळावर ओढावे लागते. आरंभीची १०–२० अश्वशक्तीची एंजिने जाऊन मालमोटारीच्या जातीची शंभरावर अश्वशक्तीची आणि अलीकडे त्याहून कितीतरी मोठी चिनी बनावटीची एंजिने आली. नौकेच्या वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात शक्ती लागते. वेग एकदशांशाने कमी केल्यास शक्तीची गरज सु. २७ टक्क्यांनी उतरते. इंधन वाचविण्याचा इतका सोपा उपाय दुसरा नाही. पण बाजारात आधी पोहोचणाऱ्यास भाव मिळत असल्यामुळे एकट्याने तो अंमलात आणणे कोणासही परवडत नाही.

स्वस्त डीझेलचा काळ २०१० नंतर सरत गेला. पेट्रोलची किंमत जून २०१० मध्ये व डीझेलची ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाली. दरम्यान जानेवारी २०१३ मध्ये घाऊक ग्राहकांस अनुदानाविना डीझेल देण्याचे ठरले. मच्छीमार सहकारी संस्थांचे पंप याच वर्गात मोडल्याने, आपल्या सभासदांसाठी उभारलेला पंप रस्त्यावरील पंपापेक्षा महाग, अशी विचित्र स्थिती उद्‌भवली. घाऊक व किरकोळ दरांतील अशीच तफावत मार्च २०२२ मध्ये पुन्हा दिसली. त्या वेळी मुंबईत घाऊक डीझेल लि.ला १२२ रु. व किरकोळ ९४ रु. होते. राज्य शासन मच्छीमारांना डीझेलवरील विक्रीकराचा परतावा देते. मात्र रक्कम आधी भरून परताव्याची वाट पाहावी लागत असल्याने मधल्या काळासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेणे भाग पडते. २०२४ अखेर मुंबईत पेट्रोल सु. १०३ रु. व डीझेल सु. ९० रु. होते. १० अश्वशक्तीच्या तासाला डीझेल एंजिनात सु. २०० रु. व चतुर्धाव पेट्रोल एंजिनात ३४० रु. म्हणजे तिप्पट अंतर पावणेदोनपटीवर आले. एंजिनाचा दीडपट गुणक जागच्या जागी आहे; किमतीचा गुणक जवळजवळ नाहीसा झाला आहे.

तासामागील ही सु. १४० रुपयांची बचत पुरेशी की अपुरी, हे वर्षाकाठी एंजिन किती तास चालते यावर ठरते. जून व जुलैची बंदी वगळून वर्षास १,५०० तास चालणाऱ्या सागरी नौकेस तीतून दोन लाखांवर रक्कम सुटते व डीझेल एंजिनाची जादा किंमत लवकर फिटते. तीच नौका वर्षास चाळीस तास चालली, तर बचत ५,६०० रुपयांची; तेवढ्यासाठी कोणी जड एंजिन विकत घेणार नाही.

किनाऱ्यापासून दूर असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात हा हिशेब अशा दुसऱ्या टोकाला जाऊन पोहोचतो. नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा यांसारख्या जलाशयांत मच्छीमार सहकारी संस्था ठेक्याने कटला, रोहू, मृगळ धरतात. जाळी टाकण्याचे ठिकाण काठापासून दूर नसते आणि फेरीची मासळी थोडी असते. तेथे लहान होडी व थर्माकोलचा तराफाच वल्ह्याने चालविला जातो. डीझेल वा पेट्रोल कोणतेही एंजिन घसाऱ्यासह धरल्यास वाटणीला काही उरत नाही. खडकपूर्णेत यांत्रिक बोटी दिसल्या त्या वाळूच्या अवैध उपशासाठी, आणि महसूल खात्याने त्या वेळोवेळी नष्ट केल्या. वाळूच्या धंद्यात एंजिन दिवसभर चालते व मालाला भाव असतो, हे लक्षात घेतल्यास तेथे डीझेल एंजिन का पोहोचले हे कळते. पेट्रोलचे बाह्य एंजिन जिल्ह्यात येते ते पुराच्या वेळी. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत आला तशा पुरात बचावपथकांस हवा भरावयाच्या रबरी बोटी लागतात. त्या खांद्यावरून चिखलातून न्यावयाच्या असतात, म्हणून इंधनाच्या खर्चापेक्षा एंजिनाचे वजन महत्त्वाचे ठरते. अशा एंजिनाचा खरा खर्च ते न चालण्यातून येतो. महिनोन्‌महिने पडून राहिलेले पेट्रोल कार्ब्युरेटरात डिंकासारखे चिकटते, म्हणून पावसाळ्यापूर्वी ते उपसून, नवे भरून, पिंपातील पाण्यात एंजिन काही मिनिटे चालवून पाहावे लागते.