कपाटातलं कोल्ट आणि कार्डावरचं १८५७

मध्य भारतातल्या एका जुन्या छावणीत आमची पोस्टिंग होती, तेव्हाची गोष्ट. रेझिंग डे तोंडावर आला होता. ऑफिसर्स मेसमधल्या काचेच्या कपाटातली जुनी हत्यारं साफ करून नीट मांडायचं काम माझ्याकडे आलं, कारण युनिटचा आर्मरर मी. दोन तलवारी, एक खुकरी, गंजलेली एक संगीन आणि वीतभर लांबीचं एक छोटं रिव्हॉल्व्हर. रिव्हॉल्व्हरपुढे पुठ्ठ्याचं कार्ड होतं: ‘कोल्ट रिव्हॉल्व्हर. १८५७ च्या लढाईत वापरलेलं.’

मेस हवालदाराने बजावलं, “उस्ताद, याला जपा. पाहुणे आले की सीओ साहेब सगळ्यात आधी हेच दाखवतात.”

तेल लावून चिंधी फिरवली आणि नळीवरची अक्षरं वर आली. कर्नल कोल्ट, लंडन. सिलिंडरवर बारीक कोरीवकाम होतं: घोडागाडी आणि तिला अडवणारे लुटारू. हे चित्र म्हणजे कोल्टच्या १८४९ च्या खिशातल्या रिव्हॉल्व्हरची ओळख. पॉइंट ३१ बोअर, बहुतेक पाच बारांचं. अमेरिकेत ही तीन लाखांहून जास्त बनली. शिवाय १८५३ ते १८५६ या काळात कोल्टचा एक कारखाना लंडनच्या पिम्लिको भागात होता, तिथेही बनली. तिथून ती हिंदुस्थानात येणाऱ्या गोऱ्या अफसरांच्या सामानात येणं अगदी सहज होतं. म्हणजे कार्ड खरं असू शकत होतं.

पण मी ते उलटं धरलं आणि हात थांबला. सिलिंडरच्या मागच्या बाजूने आरपार उजेड दिसत होता.

जे शस्त्र १८५७ मध्ये भरलं गेलं, त्यातून मागून उजेड दिसता कामा नये. ते ठासणीचं होतं. आपल्याकडे गावोगावी ठासणीच्या बंदुका होत्या, त्यांचंच हे फिरतं भावंड. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांड्याने ती दाबून बसवायची. एका घराची ठिणगी शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून तोंडावर चरबी लावायची. मग मागच्या प्रत्येक खुंटावर तांब्याची टोपी चढवायची. पाच वेळा हे सगळं. निवांत टेबलावर बसूनही काही मिनिटं जातात. घोड्यावर बसून, पावसात, समोर माणूस धावून येत असताना हे कोणी करत नसे. पाच बार संपले की तलवार काढायची. दमट हवेत दारू ओल धरायची, टोपी फुसकी निघायची, आणि काळ्या दारूची काजळी साचून सिलिंडर अडकायचं ते वेगळंच.

आमच्या कपाटातल्या रिव्हॉल्व्हरचे खुंट मात्र गायब होते. सिलिंडरचा मागचा भाग कापून तिथे एक चकती बसवली होती, चकतीला उजवीकडून काडतूस सारायची खिडकी होती. घोड्याचं तोंड टोपीवर आपटण्यासाठी सपाट असतं, ते घासून टोकदार केलं होतं. म्हणजे पितळी काडतूस मागून भरता येईल, असा या ठासणीच्या शस्त्राचा दुसरा जन्म झाला होता. काम सुबक होतं, पण कारखान्याचं नव्हतं. कुठल्या तरी बंदूकसाजाने हाताने केलेलं. असलं काम १८५७ चं असणं शक्य नव्हतं. का नाही, हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या एका पेटंटापाशी जावं लागतं.

रोलिन व्हाइट नावाचा एक कारागीर कोल्टच्या कारखान्यात कंत्राटावर काम केलेला. ३ एप्रिल १८५५ रोजी त्याला एक पेटंट मिळालं. त्यात दाखवलेली एकूण यंत्ररचना कामाची नव्हती, पण एक गोष्ट सोन्याची होती: आरपार भोक असलेलं, मागून भरायचं सिलिंडर. नोव्हेंबर १८५६ मध्ये स्मिथ आणि वेसन या जोडीने त्याच्याशी करार केला. प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे व्हाइटला पंचवीस सेंट. त्या बदल्यात पेटंटाची चोरी झाली तर कोर्टात लढायचं व्हाइटनेच, स्वतःच्या खर्चाने. १८५७ मध्ये त्यांचं पहिलं छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आलं. सात बारांचं, पॉइंट २२ बोअरचं. आपल्याकडे मीरत पेटलं त्याच वर्षी धातूच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर जगात आलेलं होतं, पण ते अमेरिकेत एकाच दुकानाच्या कुलपात होतं.

फ्रान्समध्ये असं कुलूप नव्हतं. लेफोशेचं मागून भरायचं रिव्हॉल्व्हर १८५८ मध्ये फ्रेंच नौदलाने घेतलंसुद्धा. अमेरिकेत मात्र १८६१ ला यादवी युद्ध पेटलं आणि चार वर्षं लाखांच्या घरात रिव्हॉल्व्हर खपली, ती बहुतेक सगळी ठासणीची. कोल्ट आणि रेमिंग्टन यांना काडतूस माहीत नव्हतं असं नाही. कायद्याने हात बांधलेले होते. स्मिथ आणि वेसन यांची रिव्हॉल्व्हर फौजी कामाला बोअरने लहान पडत. त्यामुळे ज्या शिपायाला मागून भरलेल्या सहा काडतुसांनी जीव वाचवता आला असता, तो दारूचं पुडकं आणि टोप्यांची डबी कमरेला बांधून लढला. व्हाइटने कोर्टात खटले घातले. एक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथे न्यायाधीशांची मतं समसमान पडली आणि पेटंट तसंच टिकून राहिलं.

युद्धानंतर पळवाटा सुरू झाल्या. सप्टेंबर १८६८ मध्ये कोल्टच्या कारखान्यातल्या थूअर याने पेटंट घेतलं, त्यात काडतूस मागून न भरता पुढूनच सिलिंडरात दाबायचं. कायदा मोडला नाही, पण ते काम इतकं अवघडलेलं होतं की सुमारे पाच हजारांपुढे गेलं नाही. रेमिंग्टनने सरळ पैसे मोजले आणि स्मिथ आणि वेसन यांच्या परवानगीने आपली सुमारे साडेचार हजार ठासणीची रिव्हॉल्व्हर काडतुसाची करून विकली.

एप्रिल १८६९ मध्ये चौदा वर्षं भरली आणि पेटंट संपलं. व्हाइटने मुदतवाढीसाठी संसदेत खटपट केली, तसं विधेयक मंजूरही झालं. पण राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी जानेवारी १८७० मध्ये ते परत पाठवलं. ग्रँट म्हणजे त्याच युद्धातले सरसेनापती. फौजेच्या शस्त्रखात्याचं म्हणणं त्यांच्यापुढे होतं: या पेटंटामुळे युद्धात सरकारची आधीच पुरेशी अडचण झाली आहे. खिशातल्या शस्त्राचा प्रश्न शेवटी रणांगण पाहिलेल्या माणसाच्या सहीवर मिटला.

कुलूप उघडलं, पण गुदामात ठासणीच्या रिव्हॉल्व्हरचे तयार सांगाडे, नळ्या, सिलिंडर यांचे ढीग पडलेले. फेकून द्यायचे तर नुकसान. कोल्टच्या रिचर्ड्सने जुलै १८७१ मध्ये आणि मेसनने पुढच्या वर्षी जुन्या मालाला काडतुसाचं करण्याच्या रीती पेटंट केल्या. मोठ्या फौजी रिव्हॉल्व्हरबरोबर खिशातली छोटी पॉइंट ३६ ची रिव्हॉल्व्हरसुद्धा पॉइंट ३८ काडतुसाला जुळवून हजारोंनी विकली गेली. १८७३ मध्ये कोल्टचं नवं काडतुसाचं रिव्हॉल्व्हर आलं, तरी हे जुने सांगाडे पुढे काही वर्षं खपतच राहिले. ज्यांच्याकडे आधीपासून ठासणीचं होतं, त्यांनी गावातल्या बंदूकसाजाकडे नेऊन ते बदलून घेतलं. आपल्याकडे सायकलला मोटर बसवून घेणारा मिस्त्री असतो, तसाच तो.

इंग्रजांकडेही हीच कथा, फक्त तिथे अडथळा खजिन्याचा. १८५६ मध्ये रॉयल इंजिनिअर्सच्या लेफ्टनंट बोमाँटने अ‍ॅडम्सच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सुधारणा केली आणि फौजेने ते घेतलं. तेही ठासणीचंच. १८६८ च्या सुमारास या बोमाँट-अ‍ॅडम्सना नवी सिलिंडरं बसवून पॉइंट ४५० च्या काडतुसाचं केलं गेलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १८६६ मध्ये, एन्फिल्ड रायफलीची मागची बाजू कापून, बिजागरीचं झाकण बसवून तिची स्नायडर रायफल झाली. ही रीत काढणारा अमेरिकन जेकब स्नायडर त्याच वर्षी हलाखीत मेला. ज्या एन्फिल्डचं चरबी लावलेलं काडतूस दातांनी तोडण्यावरून बराकपूर आणि मीरत घडलं, त्याच रायफलीला नऊ वर्षांनी दात लावायची गरज उरली नाही.

पण आपल्या शिपायाच्या हातात ती लगेच पडली नाही. १८५७ नंतर हिंदी पलटणींना मुद्दाम एक पाऊल मागे ठेवलं गेलं. एन्फिल्डच्या आतले आटे काढून गुळगुळीत केलेल्या बंदुका त्यांना दिल्या, म्हणजे नेम लांबवर लागू नये. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी शिपायाला स्नायडर, आणि गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा मार्टिनी. व्हाइटचं पेटंट संपलं त्याच १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. नव्या युगाचं काडतूस आपल्या मातीत आलं, ते कोणाच्या पाऊचमध्ये जाणार हे मात्र दुसरीकडे ठरत होतं. शिपायाच्या हातात काय असावं हे कारागीर ठरवत नाही, शिपाई तर नाहीच. कोर्ट ठरवतं, खजिना ठरवतो, वरच्यांचा विश्वास किंवा अविश्वास ठरवतो. आर्मरर फक्त जे हाती आहे त्यातून चालेल असं काही करून देतो.

हे सगळं माझ्या डोक्यात घोळत असताना रेझिंग डेच्या आदल्या संध्याकाळी एक निवृत्त पाहुणे मेसमध्ये आले. हौशी माणूस. रिव्हॉल्व्हर हातात घेऊन खूश झाले. त्यांच्याकडे लायसन्सचं बत्तीस बोअर होतं. त्यांनी खिशातून एक काडतूस काढलं, खिडकीतून सिलिंडरात सारलं. ते अगदी नाजूक आवाज करत आत बसलं.

“बघा उस्ताद, जणू याच्यासाठीच बनलंय. उद्या रेंजवर एक बार काढू या. दीडशे वर्षांनी पुन्हा बोलेल!”

मी हात पुढे केला. “साहेब, आधी ते काडतूस बाहेर काढतो.” काढलं, त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि रिव्हॉल्व्हरची नळी जिथे सांगाड्याला जोडलेली असते ती जागा दाखवली. या जुन्या कोल्टला सिलिंडरच्या वरून पट्टी नसते. नळी आणि सांगाडा एकत्र धरते ती एक पाचर. बैलगाडीला असते तशी आडवी ठोकलेली पाचर. लोखंड त्या काळचं, सिलिंडर मागून कापलेलं, आणि सगळं मोजमाप काळ्या दारूच्या हिशेबाने. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएयने बिनधुराची दारू बनवली आणि काडतुसाच्या आतला दाब वेगळ्याच पायरीवर गेला. कोल्टने आपल्या १८७३ च्या मजबूत रिव्हॉल्व्हरलासुद्धा या दारूची हमी १९०० च्या सुमारास दिली. हे तर त्याच्या आधीच्या पिढीतलं, तेही कापून जोडलेलं.

“साहेब, ज्या मिस्त्रीने हे बदललं, त्याने ते त्याच्या काळच्या काडतुसासाठी बदललं. काडतूस बसतं म्हणून ते या शस्त्राचं होत नाही. सिलिंडर फाटलं तर धरणाऱ्याची बोटं आणि शेजारच्याचा डोळा जाईल.”

पाहुणे क्षणभर नाराज झाले. मग काडतूस खिशात टाकून हसले, “माझ्या आजोबांचं एक असंच घरी आहे. मुलगा म्हणतोय, काडतुसाचं करून घेऊ.” मी म्हटलं, तसंच राहू द्या. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ प्रमाणे शस्त्रात असा बदल करायलाच लायसन्स लागतं, आणि आजोबांचं शस्त्र जसं होतं तसं राहण्यातच त्याची किंमत आहे.

राहिला प्रश्न कार्डाचा. सकाळी सीओ साहेबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ त्या कोऱ्या कार्डाकडे बघत राहिले. “म्हणजे १८५७ काढायचं? लोक तेवढंच वाचतात रे.”

मी म्हटलं, “साहेब, सांगाडा तेव्हाचा असेल. पण आज जे दिसतंय ते तेव्हाचं नाही. कोणी जाणकार पाहुणा आला आणि त्याने मागून उजेड बघितला, तर बाकीच्या तलवारींवरही त्याचा विश्वास बसणार नाही.”

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. मी लिहिलं: ‘कोल्ट, खिशातलं रिव्हॉल्व्हर. लंडन, १८५३ ते १८५६. मूळ ठासणीचं. पुढे मागून काडतूस भरण्यासाठी एका बंदूकसाजाने हाताने बदललेलं.’

साहेबांनी वाचलं आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: ‘यातून बार काढू नये.’

पोस्टिंग बदलून निघालो तेव्हा शेवटचं एकदा कपाटापाशी गेलो. त्या अनामिक मिस्त्रीने घासलेल्या घोड्याच्या टोकावर कानशीचे बारीक ओरखडे अजून दिसत होते. मीही तशीच कानस चालवतो, एका दिशेने, दाब न देता. ओरखडे पुसायला मेस हवालदाराने पॉलिश आणून दिलं होतं. मी ते लावलं नाही.