अडुळसा, गूळ आणि भट्टीची धूळ : कासचिकित्सेच्या इतिहासातील एक प्रश्न

पुणे–बंगळूर मार्गावर कोल्हापूर मागे टाकून पंचगंगेचा पूल ओलांडला म्हणजे हातकणंगले तालुक्यातील शिरोली हे गाव आणि त्याच्या लगतची औद्योगिक वसाहत लागते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. त्याच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या या वसाहतीचा प्रमुख व्यवसाय ओतकामाचा. तेलावर चालणाऱ्या इंजिनांच्या सुट्या भागांवर कोल्हापूरच्या फौंड्रीचा पाया घातला गेला आणि पुढे ती मोटारींच्या भागांकडे वळली. वाळूचे साचे, भट्टीचा धूर, साचा फोडताना आणि ओतीव भाग घासताना उडणारी बारीक धूळ हे या व्यवसायाचे नित्याचे वातावरण होय. वसाहतीभोवतीचा मुलूख मात्र उसाचा व गुऱ्हाळांचा आहे. खोकल्यावरील वनस्पतिज औषधांचा इतिहास सामान्यतः ग्रंथांच्या किंवा वनस्पतींच्या अंगाने सांगितला जातो. तोच इतिहास शिरोलीसारख्या ठिकाणी उभे राहून पाहू लागले म्हणजे निराळा प्रश्न पुढे येतो. औषध टिकून राहिले. परंतु ज्या निदानासह ते सांगितले गेले होते, ते निदान वाटेत कोठे गळाले?

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठरावा अध्याय कासाचा आहे. वातज, पित्तज, कफज, क्षतज आणि क्षयज असे कासाचे पाच प्रकार तेथे मानले आहेत. यांपैकी क्षतज कासाच्या कारणांत अतिभार वाहणे, फार वाट चालणे अशा कष्टांची गणना आहे. म्हणजे उरःक्षताचा संबंध अंगमेहनतीशी जोडलेला आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात कासाची कारणे सांगताना आरंभीच धूर आणि धूळ यांचा निर्देश येतो, त्यांच्या पाठोपाठ अतिश्रम व रुक्ष अन्न येतात. माधवनिदानाने हीच परंपरा पुढे चालविली. धूर, धूळ, श्रम आणि रुक्ष अन्न हा क्रम ओतशाळेच्या वर्णनासारखा वाटावा, इतका तो शिरोलीला लागू पडतो. अर्थात प्राचीन ग्रंथकारांना गारेच्या भुकटीचे शास्त्र अवगत होते असा निष्कर्ष यावरून काढणे हास्यास्पद ठरेल. तसा मोह अलीकडच्या काही लेखनात दिसतो म्हणून हे स्पष्ट करणे अगत्याचे आहे. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, या परंपरेत कारण आणि औषध यांची फारकत झालेली नव्हती. कारणाचा त्याग, म्हणजे निदानपरिवर्जन, ही चिकित्सेची पहिली पायरी मानली जात असे. काढा व चाटण त्यानंतरचे.

औषधांमध्ये अग्रमान अडुळशाचा. वासा, वृष, आटरूषक ही त्याची संस्कृत नावे. फुलाच्या उघड्या जबड्यासारख्या आकारामुळे त्याला सिंहास्य असेही म्हटले आहे. पाने कडू असल्याने गुरे-शेळ्या त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणाला ते सोयीचे झुडूप ठरले आणि कुंपणाला असल्यामुळेच घरोघरी हाताशी राहिले. त्याचा ग्रंथोक्त उपयोग कास व श्वास यांवर आहे, तसाच रक्तपित्तावर, म्हणजे थुंकीतून रक्त पडण्याच्या अवस्थेतही आहे. या पानांचा रस नुसत्या वाटण्याने पुरेसा निघत नाही. शार्ङ्गधराने त्यासाठी पुटपाकाची रीत दिली आहे. पाने वाटून गोळा करावयाचा, तो दुसऱ्या पानांत गुंडाळून वर मातीचा लेप द्यावयाचा, विस्तवात भाजावयाचा आणि मग पिळून निघालेला रस मधाशी द्यावयाचा. घरगुती व्यवहारात पुटपाकाची जागा पिकल्या पानांच्या काढ्याने घेतली. त्यात ज्येष्ठमध, बेहडा, पिंपळी, सुंठ, तुळस यांची भर ऋतुमानाप्रमाणे व ऐपतीप्रमाणे पडत गेली. रिंगणी आणि भारंगमूळ ही मात्र वैद्याची औषधे राहिली. सितोपलादि चूर्णाचे प्रमाण, खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २ आणि दालचिनी १ भाग, हे तर इतके सुटसुटीत की ते पाठ करण्यास वैद्य असण्याची गरज नव्हती. काष्ठौषधींचे दुकान आणि आजीबाईचा बटवा यांच्यामधील अंतर येथे फारसे उरत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या औषधाच्या आयुष्यात दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या. पनवेल येथे १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वर कारखाना काढला. १८९९ मध्ये चेंबूरच्या सांडू बंधूंचा कारखाना सुरू झाला. वैद्याने स्वतः कुटून-गाळून रुग्णाला द्यावयाचे औषध आता बाटलीत भरून दूरच्या गिऱ्हाइकाकडे जाऊ लागले. दुसरीकडे डेव्हिड हूपर यांनी १८८८ साली अडुळशाच्या पानांतून वासिसीन हे क्षारद्रव्य वेगळे केले. मुंबईतील विल्यम डिमॉक, वॉर्डन आणि हूपर यांचा ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ १८८९ ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला आणि त्यात देशी वनस्पतींना युरोपीय औषधिशास्त्राच्या परिभाषेत स्थान मिळाले. वैद्यवर्गही स्वस्थ बसला नव्हता. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी वनौषधींवर मराठीत विपुल लिहिले आणि १९०७ मध्ये नाशिक येथे अखिल भारतीय वैद्यसंमेलनाची परंपरा सुरू केली. पुढे रामनाथ चोप्रा यांचा देशी औषधांवरील ग्रंथ १९३३ साली आला. १९३४ मध्ये हरमल या वनस्पतीतील पेगानीन आणि वासिसीन ही एकच असल्याचे निश्चित झाले. वासिसीनच्या रचनेवरून जर्मनीत घडविलेले ब्रोमहेक्सीन १९६३ मध्ये बाजारात आले आणि त्याच्याच शारीरिक रूपांतरातून अँब्रोक्सॉल हाती लागले. आज दवाखान्यात कफ पातळ करण्यासाठी लिहून दिले जाणारे हे औषध कुंपणावरील झुडपाचे दूरचे वंशज आहे.

या वाटचालीत मिळविले गेले ते थोडे नाही. अडुळशाने श्लेष्मा सुटतो, हा परंपरेचा अनुभव रसायनशास्त्राने पुष्कळ अंशी खरा ठरविला. वासिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होते हेही प्रयोगांती दिसून आल्यामुळे गर्भवतीला ते न देण्याची सावधगिरी आली. गमावले ते निराळे. औषधांच्या जाहिरातींतून केवळ ‘खोकल्यावर’ एवढाच निर्देश शिल्लक राहिला, आणि प्रयोगशाळेच्या टिपणात केवळ क्षारद्रव्य. रुग्ण कोणत्या धुरात व कोणत्या धुळीत वावरतो, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारला गेला नाही. देशी वैद्यक आणि पाश्चात्त्य वैद्यक यांच्या वादावर त्या काळी फार शाई खर्च झाली. परंतु या एका बाबतीत दोन्ही पक्षांची चूक सारखीच होती, हे अभ्यासकांनी फारसे नोंदविलेले नाही.

साध्या श्वासनलिकादाहात ही चूक उघडकीस येत नाही. तो बहुधा विषाणुजन्य असतो आणि दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो. काढ्याने घसा शेकला जातो, कफ सुटतो, रुग्णास बरे वाटते आणि श्रेय औषधाला मिळते. ते सर्वस्वी अयोग्यही नव्हे. फौंड्रीतील खोकल्याचे तसे नाही. वाळूतील गारेचे अतिसूक्ष्म कण वायुकोशापर्यंत पोचतात, तेथे अडकतात आणि फुप्फुसाचे मऊ ऊतक तंतुमय व कठीण होत जाते. सिलिकोसिस या नावाने ओळखला जाणारा हा विकार बहुधा वर्षानुवर्षांच्या संसर्गानंतर प्रकट होतो व परत फिरत नाही. शिवाय अशा फुप्फुसात क्षयाचा शिरकाव सुलभ होतो. येथे अडुळशाने कफ पातळ होईल, कण निघणार नाहीत. रक्त पडू लागल्यावर जुन्या वचनाच्या आधारे वासा देत राहणे म्हणजे क्षयाच्या तपासणीस विलंब लावणे. स्ट्रेप्टोमायसिनपूर्व काळात डॉक्टरांपाशीही विश्रांती आणि मोकळी हवा यांपलीकडे थोडेच होते, त्या काळी हा दोष क्षम्य होता.

धुळीत काम करणाऱ्याने गूळ खावा, या समजुतीचा विचार कोल्हापूरच्या संदर्भात टाळता येत नाही. शाहू छत्रपतींनी १८९५ साली वसविलेल्या शाहूपुरीची भरभराट गुळाच्या व्यापारावर झाली. या जिल्ह्यात गूळ दुर्मिळ कधीच नव्हता. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील संशोधकांनी १९९४ मध्ये या समजुतीची परीक्षा केली. धुरा-धुळीतील कामगार गूळ खाल्ल्यास त्रास जाणवत नाही असे सांगतात, हेच त्यांच्या प्रयोगाचे निमित्त होते. उंदरांच्या फुप्फुसांत कोळशाची व गारेची धूळ घालून त्यांना गूळ दिला असता कण फुप्फुसातून लसिकाग्रंथींकडे अधिक त्वरेने गेल्याचे आढळले. लोकसमजूत निराधार नाही, एवढे त्यावरून म्हणता येते. तथापि उंदरावरील प्रयोग तो उंदरावरीलच. माणसाचा सिलिकोसिस गुळाने टळतो असे त्यातून सिद्ध होत नाही, आणि धूळशोषक यंत्राचा खर्च वाचविण्यास तर तो आधार मुळीच पुरत नाही.

निदानपरिवर्जनाचे काम विसाव्या शतकात वैद्यकाकडून कायद्याकडे गेले. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या चौदाव्या कलमाने धूळ व धूर कामाच्या जागेतून काढून टाकण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली होती, आणि त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिसचा समावेश होता. असा रुग्ण आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टराने मुख्य कारखाना निरीक्षकास कळविणे बंधनकारक होते. सुश्रुताने कारणांच्या आरंभी ठेवलेली धूळ अशा रीतीने सरकारी दप्तरात परत आली. परंतु जो कामगार आपला खोकला अडुळशाच्या काढ्यावर घरीच निभावतो, तो कळविणाऱ्या डॉक्टरापर्यंत पोचतच नाही, आणि म्हणून दप्तरातही उतरत नाही. शिरोलीच्या कासाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाने केवळ निरीक्षकांच्या नोंदींवर विसंबून चालणार नाही. कामगार विमा दवाखान्यांचे रुग्णपट, क्षयनिवारण केंद्रांतील रुग्णांच्या व्यवसायांच्या नोंदी आणि परिसरातील वैद्यांच्या व काष्ठौषधी-विक्रेत्यांच्या वह्या ही सर्व साधने शेजारी-शेजारी ठेवून, ओतकामात किती वर्षे गेल्यावर रुग्ण काढा सोडून क्ष-किरण तपासणीकडे वळला, हे पाहावे लागेल.